पावाचा डबा

दोमांतासनं तिसरा बोर्ड जाळला
तेव्हा वास जिना चढून माझ्या दारापर्यंत आला.
बावीस वर्षं पिक्चर ट्यूबच्या कारखान्यात काढली आहेत मी,
तो वास मला नावानिशी ओळखतो.

खाली गेले. टेबलावर लॅपटॉपचा चार्जर,
टोकं दातांनी सोललेली,
एकोणीस व्होल्ट, थेट, पाच व्होल्टच्या जिवावर.
"घरात एवढंच होतं," म्हणाला.
वय चौदा. डावी भुवई अर्धी.

म्हटलं, एक सप्लाय करू या.
ज्याला कमी द्यायचंही कळतं, असा.

ट्रान्सफॉर्मर लिउदासच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून काढला.
तीन किलो लोखंड. चार स्क्रू निघाले,
पाचवा निघेना; लिउदासनंच आवळलेला असणार,
तो झाकणंही अशीच लावायचा,
मग बरणी उघडायला मलाच हाक.
तेल सोडून रात्रभर ठेवला. सकाळी आला हातात.

खोकं म्हणून पावाचा डबा घेतला, पत्र्याचा,
झाकणावर निळी फुलं.
भोकं पाडताना फुलांच्या मध्यावर ड्रिल येईना,
येऊ दे म्हटलं कुठंही, हे काय भरतकाम नाही.
टर्मिनल दोन्ही काळीच मिळाली,
एकाला झिविलेची नेलपॉलिश लावली. झिविले त्याची आई.
तिला ऐकू येत नाही. तिनं बाटली दिली
आणि माझ्या नखांकडे बघून हसली.

रेग्युलेटरला पंखाचं अ‍ॅल्युमिनियम बसवलं.
करंटला मर्यादा घातली वेगळी:
अंथरूण पाहून पाय पसरावेत, खरं आहे,
पण पोरांना अंधारात अंथरूण दिसत नाही,
म्हणून ते आपणच आखून द्यायचं, एका बटणावर.

मग चाचणी. मेनच्या वाटेत साठ वॉटचा जुना बल्ब घातला.
"हा पेटला की झालं?" त्यानं विचारलं.
नाही रे. हा पेटून राहिला
तर आत कुठंतरी खोट आहे.
स्विच दाबला. बल्ब भक्कन उजळला,
दोमांतासनं उरलेली भुवई हातानं झाकली,
आणि उजेड हळूहळू उतरला,
तार नुसती लालसर, मग तीही नाही.
कपॅसिटर भरला होता.

आयुष्यभर काचेतून उजेड आला की मी "पास"चा शिक्का मारला.
आज विझला तेव्हा मारला.
शिक्का नव्हता, टेबलावर मूठ आपटली.

बटण लिउदासच्या रेडिओचं, कडेला तडा गेलेलं.
दोमांतास ते उलटं फिरवत गेला,
बारा, सात, तीन,
एक पूर्णांक पंचवीसला काटा थांबला.
"शून्य का नाही येत?"
असा सप्लाय शून्यावर येत नाही, सांगितलं.
शून्यावर यायला
शून्याच्या खालून ओढणारं काहीतरी लागतं,
वेगळं वाइंडिंग, उणे व्होल्ट.
"मग लावू या ना."
नको. एवढं राहू दे.
तो माझ्याकडे बघत राहिला. मी सोल्डर पुसत राहिले.

डबा त्यानं मफलरमध्ये गुंडाळून नेला.
एक वॉशर उरला. कुठला, अजून कळलेलं नाही.

त्याला आईसाठी घंटा करायची होती:
दारावरचं बटण दाबलं की स्वयंपाकघरात दिवा लुकलुकेल अशी.
पहिले दोन आठवडे
फ्रिज सुरू झाला की दिवा लुकलुकायचा.
झिविले हात पुसत यायची, दार उघडायची,
जिना रिकामा.
पानेवेझीसची डिसेंबरची हवा आत यायची आणि ती दार लावायची.
वायर लांबून नेली, एक छोटा कपॅसिटर जोडला,
तरी दिवसातून तीनदा फसवायचीच.

त्या गुरुवारी बटण मी दाबलं.
तिनं दार उघडलं ते चिडूनच,
बाहेर कुणी नसणार या खात्रीनं.
मी अर्धा राईचा पाव पुढे केला.
डबा गेल्यापासून
माझ्याकडे तो तिसऱ्या दिवशी वाळतो.